इटालियनचा कोंजुन्तीवो मराठीतून शिका, इंग्लिशमधून नको

एका बाईंनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं इटलीत बर्गामोला राहतेय, नागरिकत्वाच्या अर्जासाठी बी-वनची (मधल्या पातळीची) भाषेची परीक्षा द्यायचीय, कोंजुन्तीवो प्रेझेन्तेचे (म्हणजे इच्छा, शंका, अंदाज दाखवणाऱ्या क्रियापदाच्या वर्तमानकाळी रूपांचे) तक्ते पाठ आहेत, सीया, आब्बिया, वादा (असणं, जवळ असणं, जाणं यांची ही रूपं) सगळं घडाघडा म्हणता येतं, पण बोलायला गेलं की 'क्रेदो के लुई ए मालातो' (मला वाटतं तो आजारी आहे, यात 'सीया'ऐवजी साधं 'ए') असंच तोंडातून निघतं, आणि शेजारचे इटालियन लोकसुद्धा कधीकधी तसंच बोलताना ऐकू येतात. मग हे शिकायचंच का, आणि नक्की कुठे वापरायचं?

मी पुण्यात इटालियन शिकवते, आणि दुभाषाचं आणि मशिनच्या मॅन्युअल्सच्या भाषांतराचं काम त्याच्याही आधीपासून करतेय (आपल्याकडे रांजणगावला फियाट, बारामतीला पियाज्यो, त्यामुळे या भागात हे काम असतं), तर या एका विषयावर जरा लांबलचकच लिहिते कारण माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं इथेच अडकतात आणि अडकण्याचं कारण जवळपास प्रत्येक वेळी तेच असतं.

कारण हे की आपण इटालियन इंग्लिशमधून शिकतो. पुस्तकं इंग्लिशमधली, अ‍ॅप इंग्लिशमधलं, डोक्यातल्या डोक्यात भाषांतरही इंग्लिशमधून. आणि इंग्लिशमध्ये हा प्रकार जवळजवळ उरलेलाच नाही. 'आय वॉन्ट हिम टू कम' या वाक्यात क्रियापदाचं वेगळं रूपच नाही, म्हणून मग मुलं 'वोल्यो लुई वेनीरे' असलं काहीतरी जुळवतात जे इटालियनमध्ये बसतच नाही. तेच वाक्य मराठीत म्हणून बघा: त्याने यावं असं मला वाटतं. ते 'यावं' आहे ना, तोच तुमचा कोंजुन्तीवो. 'वोल्यो के लुई वेंगा.' येतो, आला, येईल यातलं काहीच न वापरता आपण एक वेगळंच रूप काढलं, कारण आपण घडलेली गोष्ट सांगत नाहीये, घडावी अशी इच्छा सांगतोय. शाळेत याला विध्यर्थ म्हणायचे, आठवत असेल.

आणि हे इथेच संपत नाही. मराठीत 'मला जायचंय' आणि 'त्याने जावं असं मला वाटतं' ही दोन वाक्यं आपण कधी चुकत नाही. इच्छा माझी आणि जाणारीही मीच असले तर साधं 'जायचंय', इच्छा माझी आणि जाणारा दुसरा असला की 'जावं'. इटालियनमध्ये अगदी हाच नियम आहे: 'वोल्यो आंदारे' (मला जायचंय), 'वोल्यो के लुई वादा' (त्याने जावं). पुस्तकात हा नियम 'दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच असेल तर मूळ रूप, वेगळा असेल तर कोंजुन्तीवो' अशा रुक्ष भाषेत येतो आणि मुलं तो पाठ करत बसतात, खरं तर तो आपल्याला लहानपणापासून येतोय. तसंच 'स्पेरो दी सुपेरारे लेझामे' म्हणजे मी परीक्षा पास होईन अशी आशा आहे, इथे 'दी' आणि मूळ रूप, आणि 'स्पेरो के तू स्तीया बेने' म्हणजे तू बरा असावास, इथे कर्ता बदलला म्हणून 'के' आणि कोंजुन्तीवो.

आता माझं सगळ्यात लाडकं उदाहरण. इटालियनमध्ये 'पेर्के' या एकाच शब्दाचे दोन उपयोग आहेत आणि पुस्तकं त्यावर अर्धं पान घालवतात. मराठीत 'म्हणून'चं बघा. 'तुला कळलं म्हणून मी थांबले' आणि 'तुला कळावं म्हणून मी हळू बोलतेय.' शब्द तोच, म्हणून. पहिल्यात कारण आहे, दुसऱ्यात हेतू आहे, आणि फरक कोण दाखवतंय, तर क्रियापद: कळलं की कळावं. इटालियन नेमकं हेच करतं. 'पार्लो प्यानो पेर्के सोनो स्तांका', दमलेय म्हणून हळू बोलतेय, कारण, साधं रूप (म्हणजे नेहमीचा वर्तमानकाळ). 'पार्लो प्यानो पेर्के तू कापिस्का', तुला समजावं म्हणून हळू बोलतेय, हेतू, कोंजुन्तीवो. लिहिताना हेतूसाठी 'आफ्फिन्के' हा वेगळा शब्दही मिळतो, त्याच्यापुढे कायम कोंजुन्तीवो, पण बोलताना लोक 'पेर्के'च वापरतात.

घर शोधतानाची वाक्यं घ्या, बर्गामोत तुम्ही घर शोधलंच असेल. 'चेर्को ऊना काझा के आब्बिया इल बाल्कोने': घर शोधतेय, बाल्कनी असावी. ते घर अजून मिळालेलं नाही, कदाचित नसेलही, म्हणून 'असावी', म्हणून 'आब्बिया'. एकदा मिळालं की 'ओ ऊना काझा के आ इल बाल्कोने', बाल्कनी आहे, 'आ'. आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिराती आठवा, मुलगी शिकलेली असावी, मुलाला स्वतःचं घर असावं, त्या सगळ्या जशाच्या तशा कोंजुन्तीवोमध्ये जातात.

बरं, आता तुमच्या मूळ वाक्याकडे येऊ, 'क्रेदो के ए मालातो'. इथे मुलं म्हणतात की मराठीत तर आपण सरळ 'मला वाटतं तो आजारी आहे' म्हणतो, आहे म्हणजे 'ए', मग इटालियनमध्ये 'सीया' का? पण मराठीत दुसरंही एक वाक्य आहे आणि तेही आपण रोज वापरतो: 'तो आजारी असावा.' ऑफिसला आला नाही, फोन उचलत नाही, आजारी असावा. लाइट दिसतोय, घरी असावेत. रस्ता ओला आहे, पाऊस पडला असावा. इच्छेसाठी जे रूप तेच अंदाजासाठी! इटालियनमध्येही तसंच, 'वोल्यो के' ही इच्छा आणि 'क्रेदो के' हा अंदाज, दोन्हींना एकच रूप. तर 'क्रेदो के', 'पेन्सो के' (मला वाटतं), 'मी सेम्ब्रा के', 'पारे के' (असं दिसतं), 'दुबितो के' (मला शंका आहे) यातलं काही तोंडात आलं की मनात 'आहे' म्हणू नका, 'असावा' म्हणा, 'सीया' आपोआप येईल. क्रेदो के सीया मालातो. याउलट 'सो के' (मला माहितीय), 'सोनो सिकूरा के' (माझी खात्री आहे), 'ए वेरो के' (खरंय की), 'दीको के' (मी म्हणते की) यांच्यापुढे मराठीतसुद्धा 'असावा' बसत नाही. 'मला माहितीय की तो आजारी असावा' हे कानाला खटकतंच ना? मग तिथे 'सो के ए मालातो.'

पण जिथे मराठीची मदत मिळत नाही त्या जागाही स्पष्ट सांगते, कारण तिथे कानावर भरवसा ठेवलात तर फसाल.

पहिली जागा भावनांची. 'मी दिस्प्याचे के तू सीया मालातो', तू आजारी आहेस याचं वाईट वाटतं. तो खरोखरच आजारी आहे, अंदाज नाही, इच्छा तर नाहीच नाही, मराठीत स्वच्छ 'आहेस' आहे, तरी इटालियनमध्ये 'सीया'. 'सोनो कोन्तेन्ता के' (मला आनंद आहे की), 'ओ पाऊरा के' (भीती वाटते की), 'ए स्त्रानो के' (विचित्र आहे की) हे सगळे त्याच रांगेतले. इटालियन माणसाच्या दृष्टीने या वाक्यातली बातमी 'मला वाईट वाटतंय' ही आहे, आजारपण ही त्याच्या मागची गोष्ट. दुसरी जागा म्हणजे 'असूनही'वाले शब्द, 'बेंके', 'सेब्बेने', 'नोनोस्तान्ते'. 'बेंके सीया स्तांका, वादो आल लावोरो', दमलेली असूनही कामाला जाते. गंमत म्हणजे त्याच अर्थाचं 'आंके से' साधं रूप घेतं, 'आंके से सोनो स्तांका, वादो आल लावोरो', आणि बोलण्यात हेच जास्त ऐकू येतं. तिसरी, 'प्रीमा के' (आधी), 'सेंत्सा के' (नकळत, न करता), 'आ मेनो के नोन' (सोडून, नाही तर). 'प्रीमा के आर्रीवी इल त्रेनो', गाडी यायच्या आधी. 'सेंत्सा के नेस्सूनो लो साप्पिया', कुणालाही न कळता. 'आ मेनो के नोन प्योवा', पाऊस पडला नाही तर. यातलं 'नोन' अर्थाला लागत नाही पण सवयीने येतं. आणि लक्षात ठेवा, 'दोपो के' (नंतर) साधं रूप घेतं, आधीला कोंजुन्तीवो आणि नंतरला नाही, कारण आधी म्हणजे ती गोष्ट अजून घडलेली नाही. हे शब्द मात्र घोकायचेच, दुसरा उपाय नाही, पण रोजच्या वापरातले मूठभरच आहेत.

रूपांबद्दल पटकन सांगते. तुमचे तक्ते पाठ आहेत तरी ही युक्ती ठेवा जवळ, कारण बोलताना तक्ता डोळ्यापुढे येत नाही. आरे-वाल्या (म्हणजे मूळ रूप 'आरे'ने संपणाऱ्या) नियमित क्रियापदांना शेवटी 'ई' (पार्ली), एरे आणि ईरे-वाल्यांना 'आ' (प्रेंदा, दोर्मा). अनियमित असेल तर 'मी'चं वर्तमानकाळी रूप घ्या आणि शेवटच्या 'ओ'चा 'आ' करा: वेंगो-वेंगा, दीको-दीका, फाच्चो-फाच्चा, वादो-वादा, पोस्सो-पोस्सा, वोल्यो-वोल्या, एस्को-एस्का, फिनिस्को-फिनिस्का. या युक्तीत न बसणारी रोजची क्रियापदं म्हणजे सीया, आब्बिया, साप्पिया, दीया, स्तीया आणि देब्बा, एवढी वेगळी लक्षात ठेवली की झालं. मी, तू, तो, तिघांना एकच रूप. 'आम्ही'चं रूप साध्या वर्तमानकाळातलंच, आंद्यामो, फाच्चामो. त्यातला 'मो' काढून 'ते' लावला की 'तुम्ही', आंद्याते, फाच्चाते. आणि एकवचनी रूपाला 'नो' जोडला की 'ते', वादा-वादानो, सीया-सीयानो, पार्ली-पार्लिनो. इथे जोर एकवचनी रूपात असतो तिथेच, वाsदानो, पाsर्लिनो; मराठी मुलं हमखास मधल्या अक्षरावर जोर देतात आणि मग समोरच्याला कळतच नाही. आणि तिघांना एकच रूप असल्यामुळे कोणाबद्दल बोलताय ते कळायला 'तू' वगैरे सर्वनाम बोलावं लागतं, 'क्रेदो के आब्बिया राजोने' म्हणजे तुझं बरोबर आहे की त्याचं? म्हणून 'क्रेदो के तू आब्बिया राजोने.'

एक चूक खुद्द इटालियन लोकही करतात. आरे-वाल्यांना 'ई' लागतो म्हणून 'आंदारे'चं 'वादी' करायचं आणि त्याच धर्तीवर 'वेनीरे'चं 'वेंगी'. ही रूपं तिथे अशिक्षितपणाची खूण मानली जातात आणि त्यावर पिढ्यानपिढ्या विनोद चालत आलेत, तेव्हा या दोन जागी फार काळजी घ्या.

आता एक गोष्ट जी तुम्हाला कदाचित जाणवली नसेल: तुम्ही बर्गामोत उतरल्या दिवसापासून कोंजुन्तीवोच ऐकताय. राहण्याच्या परवान्यासाठी क्वेस्तूरात (पोलिसांच्या कचेरीत) गेलात तेव्हा खिडकीमागचा माणूस काय म्हणाला? 'सी आक्कोमोदी' (बसा), 'मी दीया इल पास्सापोर्तो' (पासपोर्ट द्या), 'फिर्मी क्वी' (इथे सही करा), 'आस्पेत्ती' (थांबा). ही सगळी आदरार्थी आज्ञा आहे, आणि 'लेई'ची, म्हणजे आदरार्थी एकवचनाची, आज्ञा म्हणजे शुद्ध कोंजुन्तीवो. आपल्याकडे जुन्या घरांत अजून म्हणतात, यावं, बसावं, चहा घ्यावा, अगदी तेच. 'स्कूझी' (माफ करा), 'सेंता' (ऐका), 'प्रेगो, एंत्री' (या, आत या), 'नोन सी प्रेओक्कूपी' (काळजी करू नका), डॉक्टरांकडचं 'मी दीका' (मला सांगा), सगळं यातलंच. जवळच्या माणसाला 'दिम्मी', परक्याला 'मी दीका'. मित्राशी बोलताना सर्वनाम मागे चिकटतं, लेईशी बोलताना पुढे येतं. म्हणजे तुमच्या डोक्यात डझनभर कोंजुन्तीवोची रूपं आधीच तयार आहेत, फक्त ती तक्त्यातल्या रूपांशी जोडलेली नाहीत. सुरुवात तिथून करा.

आणि तिसऱ्या पुरुषातलं येवो, जावो, होवो? तेही आहे. 'दीयो ती बेनेदीका', देव तुझं भलं करो. चर्चमधल्या प्रार्थनेत 'वेंगा इल तुओ रेन्यो' आहे आणि मराठी ख्रिस्ती लोक त्याच जागी 'तुझे राज्य येवो' म्हणतात, वेंगा म्हणजे येवो. 'विवा लितालिया'मधलं विवा हेही 'विवेरे'चं म्हणजे जगण्याचं कोंजुन्तीवो. 'कोस्ती क्वेल के कोस्ती' म्हणजे काय वाट्टेल ती किंमत मोजावी लागो. या वाक्यांत 'के'च्या मागे मुख्य वाक्य नाही, कोंजुन्तीवो एकटाच उभा आहे, आपल्या 'होवो'सारखा.

शिकायचंच का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, बोलीत 'क्रेदो के ए' ऐकू येतं, विशेषतः रोम आणि त्याच्या दक्षिणेकडे, आणि बोलताना तसं म्हटलं म्हणून कोणी तुम्हाला टोकणार नाही. फिरेन्झेला (फ्लॉरेन्सला) आक्कादेमिया देल्ला क्रुस्का ही 1583 साली सुरू झालेली भाषेची संस्था आहे, तिच्याकडे लोक भाषेबद्दलचे प्रश्न पाठवतात आणि त्यात कोंजुन्तीवोबद्दलचे प्रश्न कायम असतात, म्हणजे हा वाद त्यांच्या घरातलाही आहे. पण 'क्रेदो के'पुढे ढिलाई करणारे बरेच लोक 'वोल्यो के'पुढे कोंजुन्तीवोच वापरतात, आणि लिहिताना तर दोन्हीकडे. शाळेतल्या बाईंना मेल, घरमालकाला पत्र, नोकरीचा अर्ज, इथे 'क्रेदो के ए' लिहिलं तर ते बोलीभाषा वाटत नाही, चूक वाटते. बाहेरून आलेल्या माणसाला तर ही सूट आणखी कमी मिळते, हे मला अन्यायाचं वाटतं पण आहे तसं आहे.

शिवाय काही ठिकाणी नुसतं ढंगाचं नाही, अर्थाचं काम असतं. मॅन्युअलमधलं हे वाक्य बघा, थोड्याफार फरकाने प्रत्येक मशिनच्या पुस्तकात असतं: 'प्रीमा दी आप्रीरे इल रिपारो, आच्चेर्तार्सी के ला माक्किना सीया फेर्मा.' गार्ड उघडण्यापूर्वी मशिन थांबलेलं आहे याची खात्री करावी. 'सीया' म्हणजे थांबलेलं असायला हवं, बघून घ्या. तिथे 'ए' असतं तर वाचणाऱ्याला वाटू शकतं की मशिन थांबलेलंच आहे. मराठी करताना मी तिथे 'मशिन थांबलेलं असावं, खात्री करा' असं लिहिते, कारण शॉप फ्लोअरवर वाचणाऱ्याला ती अट कळली पाहिजे. कायद्याच्या भाषेतही तसंच. 1 जानेवारी 1948 ला लागू झालेल्या इटलीच्या राज्यघटनेच्या 19व्या कलमात प्रत्येकाला आपला धर्म पाळायचं स्वातंत्र्य दिलंय आणि शेवटी अट आहे, 'पुर्के नोन सी त्रात्ती दी रीती कोन्त्रारी आल बुओन कोस्तूमे', सभ्यतेविरुद्धचे विधी नसावेत एवढीच अट. 'त्रात्ता' नाही, 'त्रात्ती'. 'पुर्के' म्हणजे 'या अटीवर', आणि अटीला कोंजुन्तीवो.

अट म्हटल्यावर एक धोक्याची पाटी लावते. 'से' म्हणजे जर. 'से'च्या पुढे कोंजुन्तीवो प्रेझेन्ते येत नाही, 'से आब्बिया तेम्पो' असं कधी म्हणू नका. खरंच शक्य असेल तर साधं रूप, 'से ओ तेम्पो, वेंगो', वेळ मिळाला तर येते. नुसतीच कल्पना असेल तर दुसरा कोंजुन्तीवो, भूतकाळी, 'से आवेस्सी तेम्पो, वेर्रेई', वेळ असता तर आले असते. तसंच 'वोर्रेई के' (मला आवडेल) याच्यापुढेही तो दुसराच, 'वोर्रेई के तू वेनिस्सी', वेंगा नाही. आणि मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं, 'क्रेदेवो के', तरी पुढचं बदलतं. हा सगळा पुढचा धडा आहे, पण बी-वनची मुलं उत्साहात प्रेझेन्ते तिथेही लावतात म्हणून सांगितलं.

शेवटी परीक्षेचं. 2018 च्या डिसेंबरपासून नागरिकत्वाच्या अर्जाला बी-वन लागतं, मग तुम्ही सिएनाची चील्स द्या, पेरूजाची चेली द्या नाहीतर प्लीदा. लिहायला बहुतेक वेळा छोटं पत्र किंवा मेल असतो. सुरुवातीला 'स्पेरो के तू स्तीया बेने', मध्ये मत द्यायचं तिथे एक 'पेन्सो के सीया' आणि सल्ला द्यायचा तिथे एक 'ए इम्पोर्तान्ते के तू पार्ली कोन...', एवढी तीन वाक्यं हात बसेपर्यंत लिहून ठेवा. बोलताना रूप आठवलं नाही तर अडून राहू नका, वाट बदला: 'क्रेदो के'च्या ऐवजी 'सेकोन्दो मे' म्हणा, माझ्या मते, त्याच्यापुढे साधं रूप चालतं, 'सेकोन्दो मे ए मालातो' शंभर टक्के बरोबर. 'बेंके'च्या ऐवजी 'आंके से'. 'फोर्से', कदाचित, यालाही साधं रूप. उद्याबद्दल बोलत असाल तर 'क्रेदो के वेर्रा', तो येईल असं वाटतं, भविष्यकाळही चालतो. आणि 'बिझोन्या के तू वादा' जमत नसेल तर 'देवी आंदारे', तुला जावं लागेल.

सरावासाठी तक्ते बाजूला ठेवा. दिवसभरात मराठीत जेव्हा जेव्हा 'वं' किंवा 'असावा' बोलाल, नवऱ्याशी, आईशी फोनवर, मुलांना रागावताना, तेव्हा ते वाक्य तिथल्या तिथे इटालियनमध्ये म्हणून बघा. पोरांनी लवकर झोपावं. आईने डॉक्टरकडे जावं. बस गेली असावी. पहिली दोन तुम्हाला आत्ताच येतील, 'वोल्यो के ई बांबीनी दोर्मानो', 'वोल्यो के ला माम्मा वादा दाल मेदिको'. तिसऱ्याला 'क्रेदो के लाउतोबूस सीया जा पार्तीतो', म्हणजे 'सीया'पुढे भूतकाळी रूप जोडलं की झालं, आणि 'सीया' तर तुम्हाला येतंच.